बँकेच्या नोकरीला नकार देऊन मी जे निवडले त्याविषयी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवरही सांगता आले असते. परंतु फोनवर बाबा गप्प होतात, आई "तुला बरे वाटेल ते कर" एवढेच म्हणते आणि दोन्हीकडचे बोलायचे ते राहून जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून रुजू होण्याचे जे पत्र मला आले होते, त्याला मी नकार कळवला आहे. मुंबईत फोर्टमधल्या एका लहान मर्चंट बँकिंग कंपनीत मला विश्लेषक म्हणून काम मिळाले असून येत्या एक तारखेला मी तेथे रुजू होणार आहे. तुम्हाला विचारून नव्हे, तर ठरवून झाल्यावर कळवते आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. विशेषतः आईने आळीतल्या घराघरांत पेढे पोहोचवले आणि भगवंताच्या देवळात जाऊन नारळ फोडला, हे आठवले की लिहिता लिहिता हात थांबतो. तरीही हे पत्र शेवटपर्यंत वाचावे आणि मगच माझ्याविषयी मत करावे, एवढी विनंती आहे.

बाबा, हे काम शेअर बाजाराशी निगडित आहे आणि तो शब्द वाचताच तुम्हाला काका आठवतील, हे मी जाणते. त्या विषयावर आपल्या घरात कोणी बोलत नाही आणि मीही येथे जास्त लिहीत नाही. एवढेच सांगते की १९९२ सालच्या शेअर घोटाळ्यात जे घडले, त्याच वर्षी सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, कायद्याचा आधार मिळाला आणि मर्चंट बँकरांनी कसे वागावे याचे नियमही त्याच वर्षी आले. मी ज्या चौकटीत काम करणार आहे ती काकांसारख्या माणसांच्या वाट्याला पुन्हा तसे येऊ नये म्हणूनच उभी राहिली आहे. मला शेअरची खरेदी-विक्री करायची नाही. आपल्या मार्केट यार्डात आडत्या जसा शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये उभा राहतो, मालाची प्रत पाहतो, भाव ठरवायला मदत करतो आणि दोघांचाही विश्वास सांभाळतो, तसे हे काम आहे. एखाद्या कारखानदाराला नवी यंत्रे घ्यायची असतात आणि आणखी कर्ज झेपत नसते. अशा वेळी कंपनीतला काही हिस्सा लोकांना विकून भांडवल उभे करण्यासाठी तो मर्चंट बँकरकडे येतो. त्याचे हिशेब, कोर्टकचेऱ्या, परवाने, जमिनीचे कागद हे सगळे तपासायचे, त्यातले बरेवाईट एका मसुद्यात प्रामाणिकपणे लिहायचे आणि तो मसुदा शेअर बाजाराकडे मंजुरीसाठी पाठवायचा.

आमची कंपनी मुख्यतः लहान उद्योगांचे काम करते. त्यांच्यासाठी मुंबई शेअर बाजाराने आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१२ साली स्वतंत्र मंच सुरू केले. शेअर विक्रीनंतर ज्यांचे भरणा झालेले भांडवल २५ कोटींच्या वर जात नाही, अशा कंपन्या तेथे येतात. या मंचावरच्या प्रत्येक विक्रीची पूर्ण हमी घ्यावी लागते आणि त्यातला किमान १५ टक्के भार मर्चंट बँकरला स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागतो. म्हणजे लोकांनी शेअर घेतले नाहीत, तर त्या तुटीचा वाटा आमच्याच कंपनीला उचलावा लागेल. त्यामुळे मुळात कोणाचे काम हाती घ्यायचे, हे तेथे डोळ्यांत तेल घालून ठरवले जाते. मला नेमके हेच आवडले.

आता हे काम मला कसे मिळाले ते सांगते, कारण "कोणाच्या ओळखीने?" असे आत्या नक्की विचारतील. कोणाच्याही ओळखीने नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका आयआयएममधून, गुणवत्ता यादीतल्या सीएंमधून आणि मोजक्या नामांकित महाविद्यालयांतून मुले घेतात. तेथे विद्यार्थीदशेत इंटर्नशिप केलेल्यालाच बहुधा पुढे नोकरी मिळते. इंटर्नशिपसाठी आधीचा अनुभव मागतात आणि अनुभव इंटर्नशिपवाचून येत नाही. वर्गातल्या काही मुलामुलींच्या घरून एक फोन जाई आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची सोय होई. आपल्या घरात असा फोन करणारे कोणी नाही आणि त्याचे मला कधी दुःख झालेले नाही, परंतु मग दुसरा रस्ता शोधणे भाग होते.

तो रस्ता मला शेअर विक्रीच्या मसुद्यांत सापडला. मोठ्या कंपन्यांचे मसुदे सेबीच्या संकेतस्थळावर आणि लहान कंपन्यांचे शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येतात. एकेक मसुदा कित्येक शे पानांचा असतो. एम.कॉम.च्या दोन वर्षांत मी ग्रंथालय बंद होईपर्यंत तेच वाचत बसे, त्यातल्या आकड्यांवरून एक्सेलमध्ये पुढच्या पाच वर्षांचे अंदाज मांडी आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळेपर्यंत उठत नसे. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षाही मी त्याच काळात दिली, कारण या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ती द्यावीच लागते आणि तिच्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या पानांवर तो तयार करणाऱ्या मर्चंट बँकरचे नाव, संपर्कासाठीची व्यक्ती आणि तिचा ईमेल छापलेला असतो. मी त्याच पत्त्यांवर लिहीत गेले. नुसता बायोडेटा न पाठवता, त्यांनीच केलेल्या एखाद्या कामाविषयी दोन पानांचे टिपण सोबत जोडत असे: या कंपनीची तुलना कोणाशी करावी, किंमत कशी काढली असावी, धोक्यांच्या प्रकरणात मला कोणता मुद्दा महत्त्वाचा वाटला. बहुतेक ठिकाणांहून उत्तर आले नाही. एका ठिकाणाहून आले आणि तेवढे पुरले. माझ्यासारखी धडपड करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन की ओळख नसली तर आपले काम आधी पाठवावे. ते वाचणारा कोणीतरी असतोच.

बाबा, मुलाखतीतली गोष्ट मात्र मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते आहे. माझ्यासमोर एका साखर कंपनीचा ताळेबंद ठेवून त्यांनी विचारले, "अल्पमुदतीचे कर्ज एवढे मोठे आहे, ही कंपनी अडचणीत आहे का?" मी प्रथम तारखेकडे पाहिले. ताळेबंद ३१ मार्चचा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू झालेला गाळप हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, गोदामे साखरेने भरलेली असतात, उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असतो आणि साखर मात्र पुढे वर्षभर, सरकार दरमहा ठरवून देईल तेवढीच विकता येते. म्हणून कारखाना साखर तारण ठेवून कर्ज काढतो आणि वर्षातला सर्वांत फुगलेला साठा व सर्वांत फुगलेले कर्ज नेमके ३१ मार्चलाच दिसते. मी म्हटले, "मला सप्टेंबरअखेरचा सहामाही ताळेबंद दाखवा, मग सांगते." त्यांनी तो काढून दिला, साठाही उतरलेला होता आणि कर्जही. त्यानंतर त्यांनी मला महाविद्यालयाविषयी एकही प्रश्न विचारला नाही, फक्त हे कोठे शिकलीस असे विचारले, आणि मी तुमचे नाव आणि तुमच्या कारखान्याचा लेखा विभाग सांगितला.

मार्चमध्ये तुम्ही रात्री उशिरा घरी यायचात, तेव्हा मी जागी राहण्याचा हट्ट धरायचे आणि आई मला तुमच्या शेजारी सतरंजीवर बसवायची, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मला बेरजा तपासायला द्यायचात आणि मी बोट फिरवत फिरवत तुमच्या मांडीवरच झोपून जायचे. साखर तारण, मोलॅसिस, हंगाम बंद हे शब्द मला अर्थ कळण्याच्या आधीपासून माहीत आहेत. माझ्याजवळ अनुभव नाही असे जे मी अर्जांत लिहीत होते, ते पुरते खरे नव्हते असे मला त्या दिवशी वाटले.

बँकेविषयी तुम्हाला वाटणारी चुटपुट मी समजू शकते. तेथील सुरुवातीचे मूळ वेतनच ४८,४८० रुपये होते आणि येथे मला त्याहून कमी मिळणार आहे, हे लपवत नाही. परंतु तेथे नेमणूक सोलापुरातच होईल याची काही खात्री नव्हती. देशात कोठेही पाठवतात, आणि मी जवळ राहीन ही तुमची आशा कदाचित तशीही पुरी झाली नसती. बँकेच्या प्रवेश परीक्षेची वयोमर्यादा ३० वर्षांची आहे, म्हणजे मला पुन्हा बसावेसे वाटले तर अजून पुष्कळ अवधी आहे. बाजार थंड पडला की शेअर विक्री थांबते आणि आमच्यासारख्या कंपन्यांत माणसे कमी करतात, हेही मी विचारात घेतले आहे, आणि शिकवण्यांतून साठवलेल्या पैशांत माझा काही महिन्यांचा खर्च निघेल. मोठ्या बँकेत नव्या मुलांच्या वाट्याला कित्येक महिने फक्त सादरीकरणे नीटनेटकी करण्याचे काम येते, असे म्हणतात. लहान ठिकाणी कारखान्याला भेट देण्यापासून मसुदा लिहिण्यापर्यंत सगळे हाताखालून जाते. दोन-तीन वर्षे असे काम केल्यावर मोठ्या ठिकाणी मी अनुभवी म्हणून जाऊ शकेन.

आई, आता तुझ्या काळजीविषयी. २०२१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेच्या नवख्या विश्लेषकांनी आठवड्याला सरासरी ९५ तास काम करावे लागते अशी तक्रार केली होती, ती बातमी दादाने तुला वाचून दाखवली आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, असे तोच मला म्हणाला. आमच्याकडे मसुदा दाखल करण्याच्या आठवड्यांत उशीर होईल, इतर वेळी रात्री आठच्या सुमारास निघता येते, असे तेथे काम करणाऱ्या मुलीनेच सांगितले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच थांबवता येते आणि तिला सुरक्षितपणे घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते. मी हे आधी विचारून घेतले आणि मगच होकार दिला. माटुंग्याची खोली तीच ठेवते आहे. खोलीत तिघी आहोत, खिडकीतून चांगला वारा येतो, स्टेशन पायी जाण्याइतके जवळ आहे आणि डबा देणाऱ्या काकू आठवड्यातून तीन दिवस ज्वारीची भाकरी देतात. ती तुझ्या भाकरीसारखी पातळ नसते, पण गरम असते. शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. केसांना तेल लावते. पोट बिघडले तर काय करायचे तेही मला आता येते.

तुम्ही दोघांनीही मात्र माझे ऐकायचे आहे. बाबांनी रक्तातल्या साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची आणि अहवालाचा फोटो त्याच दिवशी मला पाठवायचा, "सगळे ठीक आहे" एवढे चालणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घालायचेच. आई, सांडगे वाळत घालायला गच्चीवर चढायचे नाही. गुडघ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलेले आहे. माझ्यासाठी एकही मुदत ठेव मोडायची नाही आणि वैरागच्या रस्त्यालगतचा तुकडा विकण्याचा विषय काढायचा नाही. दिवाळीला मी लातूर एक्स्प्रेसने येईन, तेव्हा पेढ्यांचा विषय असेल तर आळीतल्या सगळ्यांशी मी स्वतः बोलेन. तुम्हाला कोणापुढे अवघडून बोलावे लागू नये अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक, आणि हे कडक आहे. मी कोणत्या कंपनीचे काम करते आहे हे मी घरी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारायचे नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार आतली माहिती बाहेर जाणे हा गुन्हा ठरतो आणि त्या नियमांच्या कक्षेत जवळचे नातेवाईकही येतात. दादाने किंवा शेजारच्या कोणी "कोणता आयपीओ भरू?" (म्हणजे कोणत्या कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीत अर्ज करू) असे विचारले, तर आमच्या मुलीला हे बोलता येत नाही, असे स्पष्ट सांगावे. बाबांचे डीमॅट खाते जे जुने पडून आहे, त्यात मला विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. रुजू होताना जवळच्या नातेवाइकांची नावे आणि पॅन क्रमांक द्यावे लागतात, तेव्हा तुमच्या दोघांच्या पॅन कार्डांच्या प्रती रविवारपर्यंत पाठवाव्यात. आईचे कार्ड लोखंडी कपाटातल्या निळ्या पिशवीत, दादाच्या लग्नाच्या पत्रिकांखाली आहे.

तुमची,
धाकटी