ओले की नुसतेच गार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या मुलांच्या पानावर ‘पाणी ओले का लागते?’ याचे आपण छापलेले उत्तर वाचले आणि हातातला चहा तसाच राहिला. म्हणे, त्वचेत ओलावा ओळखणारे खास ज्ञानतंतू असतात! ती सोय झुरळाच्या मिशांवर आहे, साहेब. माणसाच्या कातडीत नाही. आपल्याला कळतो गारवा आणि कळतो स्पर्श. दोन्ही एकदम आले की मेंदू ठरवतो, ओले आहे. आणि तो चुकतो, हे मी बोलणी खाऊन शिकले आहे.

मी नाशिकच्याच एका रुग्णालयात परिचारिका होते. तेव्हा रबरी हातमोजे एकदा वापरून फेकत नसत. धुवायचे, वाळवायचे, फुगवून छिद्र बघायचे, पावडर लावून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला, पाठवायचे. जानेवारीतली सकाळची पाळी, नळाला बर्फासारखे पाणी. ट्रेमधली अवजारे धुताना बोटे ओली झाल्यासारखी वाटली. मोजे फाटले म्हणून बाजूला टाकले, दुसरे घातले, तेही गळके! तिसऱ्या जोडीला मेट्रनबाई आल्या. मोजा फुगवून पाण्यात धरला, एक बुडबुडा नाही. माझ्या बोटांवरची पावडरसुद्धा कोरडी ठणठणीत. “सिस्टर, मोजे धड आहेत, लक्ष ठिकाणावर नाही,” हे सगळ्या वॉर्डादेखत. वर रजिस्टरात शेरा.

पुढे निवृत्तीनंतर वाचले की, १९०० साली बेंटली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच दाखवले होते. रबरात गुंडाळलेले कोरडे बोट पाण्यात बुडवले, तरी ओले वाटते. त्यांचा निबंध झाला, माझा शेरा झाला.

स्पंजिंगचा, म्हणजे रुग्णाचे अंग पुसायचा, कोमट फडका गार फडक्याइतका ओला लागत नाही, हाही त्यातलाच प्रकार. पण बेंटलीही राहू द्या. थंडीत दोरीवरचे कपडे काढणाऱ्या कोणत्याही नाशिककर बाईला विचारले असते तरी आपले पान वाचले असते. वाळलेत की नुसतेच गार आहेत, हाताला कळत नाही. गालाला लावून पाहायचे, तरीही शंका उरतेच.

जाता जाता एक. पावसाळा लागल्यापासून आपला अंक रोज आमच्या फाटकातल्या डबक्यात येऊन पडतो. दोनदा कळवले. तो मात्र खरोखरच ओला असतो. गालाला लावून पाहावा लागत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक