निर्वासितांचा अर्ज: अशोकला पत्र

विश्रामबाग, सांगली

प्रिय अशोक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून पाठवलेला तुझा खर्डा मिळाला. तू दिल्लीच्या संस्थेत रुजू होणार आणि तिथे येणाऱ्या निर्वासितांच्या पहिल्या नोंदीचा अर्ज तूच बनवणार, याचा फार आनंद झाला.

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. अर्ज आपल्या सेतू केंद्राच्या वळणावर गेला आहे. तिथे येणाऱ्याजवळ रेशनकार्ड असतं, शाळा सोडल्याचा दाखला असतो, काहीतरी ताडून बघता येतं. इथे बहुतेकांजवळ स्वतःच्या सांगण्यापलीकडे फारसं काही नसतं. तुझ्या कागदावर चुकीचं उतरलं, तर ते आश्रयासाठीच्या पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्या माणसाच्या समोर येतं. दोन कागदांत तफावत दिसली की संशय त्याच्यावर जातो. ती तफावत आपल्या रकान्यामुळे पडली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नावापासून बघ. तू नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने केलेस. म्यानमारमधल्या बहुतेकांना आडनावच नसतं. संयुक्त राष्ट्रांचे एकेकाळचे सरचिटणीस ऊ थांट आठव. त्यांचं नाव फक्त थांट, 'ऊ' म्हणजे आपलं 'श्री.'. तुझ्या अर्जात ते 'ऊ' नावाचे आणि 'थांट' आडनावाचे झाले असते. अफगाण माणसाचंही कित्येकदा एकच नाव असतं. रकाना भरायचा म्हणून कुणीतरी वडिलांचं नाव आडनावात घालतो, आणि मग एकाच घरातल्या बापलेकांची आडनावं वेगळी पडतात. म्हणून एकच लांब रकाना ठेव: 'पूर्ण नाव, सांगतील तसं'. त्याखाली कागदपत्रावरचं स्पेलिंग, जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी. आईवडिलांची नावं आणि टोपणनावं वेगळी घे.

जन्मतारखेचा घोळ याहून मोठा. आपल्याकडे गुरुजींनी १ जून लावून दिलेले किती लोक आहेत ते तुला ठाऊक आहे. तिकडे तसेच १ जानेवारीवाले भेटतील. अफगाण कागदावर बहुधा सौर हिजरी वर्ष असतं आणि ते २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. शक्यात आपण ७८ मिळवतो, पण माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात, तसंच हे. वर्षाच्या पहिल्या नऊ-साडेनऊ महिन्यांत ६२१ मिळवायचे, जानेवारी लागल्यावर ६२२. म्हणजे १३७० साल हे मार्च १९९१ ते मार्च १९९२. नुसतं वर्ष माहीत असेल तर दोन्ही इसवी सनं शक्य आहेत. तेव्हा मूळ तारीख, कोणतं पंचांग आणि रूपांतर असे तीन रकाने ठेव, शेजारी 'अंदाजे' अशी चौकट. महिना माहीत नसेल तर तो रकाना रिकामाच राहू दे.

कुटुंबाचा तक्ता तू चार ओळींचा ठेवलास, तो निदान बारा ओळींचा कर. बरोबर आलेले, मागे राहिलेले, बेपत्ता, वारलेले, सावत्र, सांभाळलेलं मूल, सगळ्यांची नावं हवीत. लोकांना वाटतं, जे इथे नाहीत त्यांना कशाला लिहायचं. पुढे कधी मुलाला बोलवायची वेळ आली आणि पहिल्या अर्जात त्याचं नावच नसलं, तर ते मूल आपलंच आहे हे पटवणं फार जड जातं.

'देश सोडण्याचं कारण' यासाठी तीन ओळी? तिथे पूर्ण पान दे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली पाच कारणं (वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत) खुणा करण्यासाठी देऊ नकोस. आपलं दुःख यातल्या कशात बसतं हे अर्जदाराने ठरवायचं नसतं, आणि चुकीच्या चौकटीतली खूण नंतर त्याच्याच विरोधात जाते. साधं विचार: काय झालं, कुणी केलं, कुठे, साधारण केव्हा, आणि परत गेलात तर कशाची भीती वाटते? हा शेवटचा प्रश्न तुझ्या खर्ड्यात नाहीच, आणि निर्वासिताची व्याख्या तर त्या भीतीवरच उभी आहे. तारीख आठवत नसेल तर 'पेरणीच्या आधी' असंच लिहा. ओढूनताणून काढलेली तारीख पुढे चुकतेच. आणि गोष्ट कुणी सजवून देत असेल तर त्याला दारातच थांबव. अत्याचाराचा तपशील या कागदावर मागू नकोस, तो एकांतात, जाणत्या माणसाने विचारायचा असतो.

दुभाष्याचं नाव आणि भाषा अर्जावर हवीच. अफगाणांच्या दारी आणि पश्तू या भाषा वेगळ्या, आणि म्यानमारमधल्या चिन लोकांमध्ये तर एकाची बोली दुसऱ्याला कळेलच असं नाही. नात्यातला माणूस, त्यातून लहान मूल, दुभाषा म्हणून बसवू नये. बायको नवऱ्यासमोर सगळं सांगत नाही. भरलेला अर्ज त्याच भाषेत वाचून दाखवायचा, दुरुस्तीवर आडवी रेघ मारून सही, मगच शेवटची सही किंवा अंगठा.

'मूळ देशाच्या दूतावासाचा दाखला' ही अट मात्र आजच्या आज काढून टाक. ज्यांच्यापासून माणूस पळाला त्यांच्याच दारात आपण त्याला पाठवतो. मागे राहिलेल्या घरच्यांवर संकट येऊ शकतं, आणि त्या सरकारचं संरक्षण त्याने पुन्हा घेतलं असाही अर्थ निघू शकतो. 'कायमचा पत्ता' काढून 'निरोप कुठे पोचेल' असं लिही आणि दोन फोन नंबर घे. नंबर बदलला की मुलाखतीची तारीख हुकते.

अर्जाच्या माथ्यावर ठळक छाप: हा संस्थेच्या नोंदीचा कागद आहे, आश्रयाचा अर्ज नाही, आणि याला एक पैसाही लागत नाही. भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांच्याकडे भारत सरकार थेट बघतं, म्यानमार-अफगाणिस्तानसारख्या ठिकाणच्या लोकांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं दिल्लीचं कार्यालय करतं, तीही विनामूल्य. हे छापलं नाही तर तुझ्याच अर्जाची पोचपावती कुणीतरी ओळखपत्र म्हणून विकेल.

भरलेल्या अर्जाची एक प्रत त्या माणसाच्या हातात गेलीच पाहिजे. अर्जांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

छापायच्या आधी दोन दुभाष्यांना बसवून एकदा भरून बघ, अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तो कागद मला पाठव. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
विलास