सिस्टीम अपुरी नाही, जास्त आहे

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

हौशी बँड स्वतःच जागा शोधून, स्वतःच साहित्य मांडून जे छोटे कार्यक्रम करतात, त्यांच्याबद्दल श्रोत्यांची तक्रार ठरलेली असते: कान बधिर होतात आणि गाण्याचा एक शब्द कळत नाही. तक्रार खरी आहे. तिच्यावर मिळणारे उत्तर मात्र खरे नाही. 'काय करणार, आमच्याकडे चांगली सिस्टीम नाही,' असे मंडळी सांगतात. अशा कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारे म्हणून आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. चाळीस-पन्नास माणसांच्या खोलीत सिस्टीम बहुधा अपुरी नसते, जास्तच असते.

हिशेब ड्रमपासून सुरू होतो. पाच बाय आठ मीटरच्या खोलीत जोरात वाजवणारा ड्रमर एकही माइक न लावता १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि मिक्सरच्या कुठल्याही बटणाने तो आवाज कमी करता येत नाही. बाकी सगळे त्याच्याशी स्पर्धा करू लागतात. गिटारवाला अँप वाढवतो, मग बेसवाला वाढवतो. गायकाला स्वतःचा गळा ऐकू येत नाही म्हणून तो मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवायला सांगतो आणि माइक शिट्टी मारतो. सगळे खापर माइकवर फुटते, पण सुरुवात झाली ती ड्रमच्या काठीपासून. म्हणून पहिला उपाय तिथेच करावा. जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांची मोळी असलेले रॉड वापरावेत, स्नेअरच्या, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या, कातड्यावर कडेला घडी केलेले फडके चिकटवावे, झांजांना खालून टेपच्या दोन पट्ट्या लावाव्यात. खाली दोन बाय दोन मीटरचा गालिचा हवाच. नाहीतर पायाने वाजवायचा मोठा किक ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यात ड्रमर त्याच्या मागे सरकत असतो. एवढ्या खोलीत ड्रमला माइक लावू नये, किकलासुद्धा नाही. सिस्टीममधून फक्त गळा जाऊ द्यावा. कीबोर्ड किंवा अकूस्टिक गिटार असेल तर तेवढी भर.

गिटारच्या अँपबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. त्याच स्पीकरवर १५ आणि १०० वॅटच्या अँपमध्ये जेमतेम ८ डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे छोट्या खोलीत १५ वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँपही पुरून उरतो. महत्त्वाचे आहे ते अँपचे तोंड कुठे आहे हे. स्पीकरमधून टोकदार आवाज सरळ रेषेत पुढे जातो. अँप जमिनीवर असला तर तो आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना आणि समोर बसलेल्यांच्या कानांना मिळतो. वाजवणाऱ्याला गिटार मंद वाटते, तो ट्रेबल, म्हणजे तोच टोकदार आवाज, वाढवतो आणि पहिल्या रांगेचे हाल होतात. अँप खुर्चीवर ठेवून मागे कलता करा, म्हणजे तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे येईल. बहुतेक जण आपण होऊन आवाज कमी करतात. अँपचे हेड (यंत्राचा भाग) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर त्यांना जोडायला स्पीकरचीच वायर वापरावी. गिटारची वायर दिसायला तशीच, पण आतून बारीक असते. ती तापते आणि तिच्यापायी अँप जाऊ शकतो. व्हॉल्व्ह अँप कॅबिनेट न जोडता चालू करणे तर ट्रान्सफॉर्मर जाळायला आमंत्रणच.

आता शिट्टी. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये परत शिरला की तोच फिरून फिरून वाढतो. तेव्हा मुख्य स्पीकर माइकच्या रेषेपुढे, डोक्याच्या उंचीवर आणि श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. खाली ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पहिली रांग शोषून घेते आणि मागच्यांसाठी तो वाढवावा लागतो. १९६६ पासून मंचावर असलेल्या शुअर एसएम ५८ सारख्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणाऱ्या, माइकला बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर ठेवावा. त्याहून अरुंद टप्प्यात ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइड माइकची बहिरी जागा मागे दोन्ही बाजूंना, तोंडापासून साधारण १२५ अंशांवर असते; अशा माइकच्या सरळ मागे मॉनिटर ठेवला तर घोळ होतो. गायकाने जाळी मुठीत धरली की यातले काहीच उरत नाही, कारण मागून हवा शिरायची वाट बंद होते आणि माइक चहूकडून ऐकू लागतो. ते छायाचित्रात छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग.

ओठ माइकजवळ आणणे हा फुकटचा उपाय आहे. अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. उलट, चालू माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायला असलेली जागा सुमारे ३ डेसिबलने घटते. म्हणून कोणी गात नसेल तो माइक बंद ठेवावा. त्यानंतर इक्वलायझरकडे, म्हणजे खर्जापासून वरच्या आवाजापर्यंत प्रत्येक पट्टी वेगळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे, वळावे. गळ्याच्या चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झखालचे सगळे कापून टाकावे. खोली रिकामी असताना आवाज हळूहळू वाढवत न्यावा आणि जिथे शिट्टीचा सूर धरेल ती पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली ओढावी. 'हूऽऽ' असा पोकळ सूर बहुधा २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, बोचरी शिट्टी २ ते ४ किलोहर्ट्झला. चार पट्ट्या ओढूनही शिट्टी थांबत नसेल तर दोष स्पीकरच्या जागेत आहे. तरीही ओढतच राहिले तर गाणे टेलिफोनवरून ऐकल्यासारखे येते. रिकाम्या खोलीत आवाज कर्कश वाटला म्हणून घाबरू नये. माणसे आली की तीच वरचा आवाज शोषतात.

तीन-चार बँड असतील तर वेळ जातो तो अदलाबदलीत. ड्रमचा सांगाडा आणि बेसचे कॅबिनेट सर्वांनी मिळून एकच वापरावे. स्नेअर, झांजा, किकचे पेडल आणि काठ्या ज्याच्या त्याने आणाव्यात, कारण झिजते आणि तुटते ते हेच. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, उलट्या क्रमाने घ्यावा: शेवटी वाजवणारे आधी, पहिले वाजवणारे सर्वांत शेवटी. म्हणजे पहिल्या बँडचे साहित्य मंचावर लावलेलेच राहते. बाकीच्यांना मधल्या १५ मिनिटांत फक्त लाइन तपासून दिली तरी पुरते: प्रत्येक वायरीतून आवाज येतो का, बस्स. त्या १५ मिनिटांत गाण्याची तालीम करणाऱ्यांना खाली उतरवायला एक खमक्या माणूस नेमावा. जादा माइकच्या वायरी, गिटारच्या दोन वायरी, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, योग्य मापाचे फ्यूज, टॉर्च आणि कापडी गॅफर टेप एकाच पेटीत असावेत. साध्या चिकटपट्टीचा डिंक वायरींना कायमचा लागतो.

विजेच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाशी वाद घालत नाही. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर लावले आणि दोघांचे अर्थिंग सिग्नलच्या वायरीतून जुळले की खर्जातली घरघर सुरू होते. ती घालवायला कोणीतरी हटकून प्लगची अर्थची पिन काढतो. घरघर जाते आणि संरक्षणही जाते. मग अँपमध्ये बिघाड झाला की एका हाताने गिटारच्या तारा धरलेल्या गायकाचे ओठ माइकला लागतात आणि प्रवाह त्याच्या शरीरातून वाहतो. यात माणसे मेली आहेत. बरोबर रीत अशी, की आवाजाचे सगळे साहित्य एकाच सर्किटवरून घ्यावे, डिमरचे दिवे दुसऱ्यावर टाकावेत आणि तरीही घरघर राहिली तर वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्स या डबीवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. त्याने सिग्नलचा ग्राउंड तुटतो, विजेचा अर्थ तसाच राहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, मध्ये असावा. गुंडाळलेले एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरावे. वेटोळ्यात उष्णता कोंडते आणि आवरण वितळते.

शेजाऱ्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून भिंतींना फोम चिकटवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. फोम खोलीतला वरचा आवाज शोषतो, बाहेर जाणारा खर्ज अडवत नाही. तो अडतो जड भिंतीने आणि फटी बुजवल्याने. बेसचे कॅबिनेट जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवले तर थोडा फरक पडतो. साधा पॉलियुरेथेन फोम मात्र भडकन पेटतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या क्लबमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये शोभेच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा असाच फोम पेटला आणि १०० माणसे गेली. बरेच जण आले त्याच दाराकडे धावले होते. डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या 'घोस्ट शिप' या गोदामातल्या आगीत ३६ जण गेले, तो तर स्वतः उभारलेल्या जागेतलाच कार्यक्रम होता. म्हणून दुसरे दार उघडे आहे का आणि त्याच्यासमोर ड्रमच्या रिकाम्या पेट्या रचल्या आहेत का, हे श्रोत्यांनीही आत शिरताच पाहावे. पेट्या असतात. नेहमी तिथेच असतात.

कानांसाठी एक साधा हिशेब आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटे, एका बँडच्या निम्म्या कार्यक्रमाएवढी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या जागांसाठी सुचवलेली कमाल पातळीही १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. कानात घालायचे फोमचे बोळे दारातच ठेवावेत. बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा निरुपयोगी. मुले येणार असतील तर त्यांच्यासाठी बाहेरून लावायचे कानझाकण हवे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. 'आजचे कार्यक्रम' या सदरात अशा कार्यक्रमांची नुसती सुरू होण्याची वेळ छापली जाते. त्याबरोबर संपण्याची वेळ, किती बँड आहेत, बसायची सोय आहे की उभे राहायचे आहे आणि कानाचे बोळे मिळणार का, एवढे चार शब्द छापावेत. आयोजकांना ते कळवावे लागले तर आधी ठरवावेही लागेल.

आपले,
छोट्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारे काही जण