आई-नाना, त्या पुण्याच्या पोराला हरवलं मी

आई, नाना,

फोनवर नीट सांगताच आलं नाही, हॉलमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत आणि बाहेर आल्यावर सगळे एकदमच बोलत होते, म्हणून लिहितेय. जळगावच्या बुद्धिबळ स्पर्धेत 1890 रेटिंगवाल्याला हरवलं! माझं 1590. नाना, एवढा फरक असला की रेटिंगच्या हिशोबात माझ्यासारखीने शंभर डावांत पंधराएक गुण काढले तरी खूप, म्हणून या एकाच डावाचे 17 पॉइंट वाढतील. समोर होता अकरा वर्षांचा पोरगा, चाल केली की उठून दुसऱ्यांचे पट बघत फिरायचा. राग यायचा हो.

ओपनिंगचं सोडा, वजिरावजिरी लवकर झाली. मजा शेवटी. दोघांकडे एकेक हत्ती, मला एक प्यादं जास्त, तेही घोड्याच्या पट्टीत सातव्या घरापर्यंत पोचलेलं, पण माझाच राजा त्याच्यापुढे आठव्या घरात अडकून बसलेला. राजा बाहेर काढला की तो हत्तीने शहावर शह देणार. पटावरच्या अशा स्थितीला लुसेना म्हणतात. मी घाई न करता आधी हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवला, मग राजाला बाहेर काढून शह चुकवत चुकवत पाचव्या ओळीपर्यंत खाली आणलं, आणि शेवटच्या शहाला हत्तीच मधे घातला. झालं, प्याद्याला आता कोण अडवतं! हत्ती चौथ्या ओळीत गेला तेव्हापासून पट्ठ्या खुर्चीवरून उठलाच नाही.

आणि नाना, तुमच्या ओट्यावरच्या नियमाने हा डाव बरोबरीत गेला असता बरं का! प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं, म्हणजे मला घोडाच मिळाला असता, आणि हत्ती-घोडा विरुद्ध हत्ती खेळत बसले असते रात्रीपर्यंत. इथे वजीर मिळतो. यावर तुम्ही भांडणार, माहितीये.

आई, तू विचारशीलच, तर बक्षीस काही नाही मिळालं, पुढच्या फेरीत आरामात हरले. जेवण बरं होतं पण शेवभाजी गोड, आपल्या खान्देशात गोड शेवभाजी, कोण खाणार ती? शनिवारी येते. बामणोदची वांगी मिळाली तर भरतासाठी आणते, आणि कळण्याचं पीठ संपलं असेल तर आत्ताच सांग, इथूनच दळून आणते.

तुमची
ताई