लोहाच्या गोळीआड कर्करोग लपतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोठ्या आतड्याचा कर्करोग टाळण्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, फॉलिक अ‍ॅसिड आणि ‘पन्नाशीनंतर लोहही’ घ्या, हा कालच्या पुरवणीतला सल्ला छापण्याआधी एखाद्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवायला हवा होता.

लेखाचा सगळा भर १९९९च्या अमेरिकी प्रयोगावर आहे. त्यात पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला उगवणारा कोंब, ज्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो) काढलेल्या लोकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आणि पॉलिप पुन्हा उगवण्याचे प्रमाण ३८वरून ३१ टक्क्यांवर आले. पुढचे का लिहिले नाही? २००६ साली छत्तीस हजारांवर स्त्रियांच्या सात वर्षांच्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने हा कर्करोग कमी झाला नाही, मुतखडे मात्र वाढले. २०१५च्या मोठ्या प्रयोगात पॉलिपही कमी झाले नाहीत. फॉलिक अ‍ॅसिड रोज १ मिलिग्रॅम दिले तेव्हा काही वर्षांनी तीन किंवा अधिक पॉलिप असलेले रुग्ण जास्तच निघाले, आणि आपल्याकडे दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी.

खरी चीड आली ती लोहाच्या वाक्याची. पन्नाशीपुढच्या पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे लोह कमी झाले, तर रक्त कुठून जाते ते आधी शोधावे लागते. आतड्याच्या उजव्या भागातली गाठ थोडी थोडी पाझरते. शौचात लाल रक्त दिसत नाही, पोटही दुखत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरते. अशा वेळी रक्तवाढीची गोळी सुरू केली की हिमोग्लोबिन चढते, थकवा जातो, घरचे निर्धास्त होतात आणि गाठ वाढत राहते. त्यात लोहाने शौच काळी होते, म्हणून रक्ताने आलेला काळेपणाही गोळीच्या नावावर खपतो. अशा रुग्णाची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, व्हायलाच हवी. तपासणीआधी साधारण आठवडाभर लोह बंद ठेवावे, नाहीतर आतड्यात काळा चिकट थर राहतो आणि लहान पॉलिप नजरेतून सुटतो. पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी बहुधा काढता येतो. कर्करोग टळतो तो असा.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक

ता.क. : ६० हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी ‘दर आठवड्याला, कायम’ असे चौकटीत छापले आहे. कमतरता असेल तर ती सहसा आठ आठवडे देतात. तपासणीशिवाय वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातले कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.