वाडा पाडण्याआधी तुळयांची टोके टोचून पाहा

महोदय,

पाऊस तोंडावर आला की कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांवर महापालिका कायद्याच्या कलम २६४ च्या, म्हणजे धोकादायक इमारतीच्या, नोटिसा चिकटतात. पुढे त्यातल्या काहींच्या जागी पार्किंग आणि वर चार मजले असा फलक लागतो. फलकावर गच्चीतले सोलर ठळक असते; पाडून बांधण्याचा हिशेब मात्र कुठेच नसतो. तो असा: ठेकेदारी मापाने आरसीसीला चौरस फुटामागे ०.४ पोते सिमेंट आणि ४ किलो सळी लागते. ३००० चौरस फुटांना १२०० पोती, म्हणजे ६० टन सिमेंट आणि १२ टन सळी. एवढा माल तयार होताना ढोबळमानाने ७० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५ किलोवॅटचे सोलर वर्षाला सुमारे ७००० युनिट देते आणि ५ टन वाचवते. म्हणजे नुसते सिमेंट-सळीचे देणे फिटायला १४ वर्षे! विटा आणि राडारोडा यात धरलेलाच नाही.

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत महाद्वार रोडला किंवा शाहूपुरीला कुणी शिकवायची गरज नाही. काळ्या दगडाचे जोते, दोन फुटी भिंत आणि सागवानी तुळया (माडी पेलणारी आडवी लाकडे) असतील, तर बहुतेक सांगाडा ठेवून त्यात आजची घरे बसवता येतात. धोकादायक ठरलेले घर सहसा सगळे मेलेले नसते. मेलेली असतात ती भिंतीत घुसलेली तुळयांची टोके.

ती मरतात सिमेंटमुळे. जमिनीतली ओल भिंतीत तीन-चार फूट चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. त्यावर कुणी ‘मजबुतीसाठी’ सिमेंटचा गिलावा केला की ओल कोंडते, आणखी वर चढते, लोणा (पांढरा क्षार) फुटतो आणि वर्षानुवर्षे भिजत राहून तुळईचे टोक कुजते. मागोमाग वाळवी. तपासणी सोपी आहे. भिंतीलगत जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबावा. अर्धा इंच सहज रुतला, हातोडीला बद्द आवाज आला, तर तेवढे लाकूड गेले. अशा वेळी पूर्ण तुळई बदलायची नसते. खालून टेकू देऊन कुजके टोक कापायचे आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळायचे. लांबी भारावर ठरते, पण निरोगी लाकडात निदान दोन फूट तरी चॅनेल जायलाच हवे. नव्या टोकाखाली घडीव दगड ठेवावा आणि भोवती इंचभर फट, हवेसाठी. फट दिसते म्हणून गवंडी ती मसाल्याने भरून टाकतो. तिथे उभे राहावे लागते. माडीच्या पातळीला तुळया भिंतींशी पट्ट्यांनी बांधून घेणेही आवश्यक. कोयनेचा १९६७ चा भूकंपाचा धक्का विसरून चालणार नाही.

गिलाव्याचा चुना विझवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवावा. एक भाग चुन्याला तीन भाग चाळलेली वाळू, ओलीच्या भिंतीला थोडी सुरकी (भाजक्या विटांची भुकटी). एक थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. लवकर धरावा म्हणून मूठभर सिमेंट टाकले की पुन्हा तोच रोग.

रूपांतर खऱ्या अर्थाने फसते ते संडास-न्हाणीत. एका घराची चार बिऱ्हाडे झाली की माडीवर चार संडास येतात. माडीच्या लाकडी जमिनीवर फूटभर खोलगट जागा करून वीट-कोबा भरला, तर चौरस मीटरला साडेपाचशे किलो ओझे पडते. राहत्या खोलीचा वापराचा भार धरतात २०० किलो. म्हणून संडास, न्हाणी, जिना आणि पाण्याची टाकी यांचा मनोरा परसात, स्वतःच्या पायावर, लोखंडी सांगाड्यात वेगळा उभारावा. जुन्या भिंतीवर त्याचा एक किलोही नको. जोडावर लवचीक सांधा हवा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे भेग पडते. दुकानासाठी ४०० किलो धरतात, तेव्हा दुकान खालीच. माडीवर गोदाम तर नाहीच नाही. कौले उतरवून पत्रा घालणे हा उन्हाळ्यात वरच्या बिऱ्हाडावर केलेला जुलूम आहे. सोलरचे हुक कौलाला नव्हे, वाशाला बसवावेत.

पूरपट्ट्याचे गणित मात्र वेगळे. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ आहे. जिथे त्या पाण्याची खूण भिंतीवर आहे आणि भिंत पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची आहे, तिथे वाडा वाचवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. भिजलेली माती पाणी ओसरल्यावर बसते, अनेकदा घरात माणसे परतल्यानंतर. दगड-चुन्याची भिंत असेल तर तळात बिऱ्हाड नको, वीज मीटर खुणेच्या वर हवेत आणि प्लायवूड, जिप्सम बाद.

महापालिकेकडे मागणी एवढीच: नोटिशीसोबत संरचना अहवाल मागवा, आणि त्यात कोणती तुळई, कोणती भिंत गेली हे नकाशावर खुणा करून लिहिणे सक्तीचे करा. ‘इमारत जीर्ण’ या दोन शब्दांवर पाडकाम ठरू नये. दुरुस्ती अर्ध्या-अर्ध्या भागात करण्याची मुभाही द्या, म्हणजे एकदा बाहेर पडलो तर हक्क गेला या धास्तीने भाडेकरू काम अडवणार नाहीत.

अहवाल डिसेंबरात हाती आला तर छप्पर आणि तुळया मेअखेर उरकतात. चुन्याचा गिलावा ऑक्टोबरनंतर घ्यावा. एप्रिलच्या उन्हात तो भराभर वाळतो आणि तडकतो.

– जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही अभियंते व गवंडी, कोल्हापूर