पिसोरी आणण्याआधी आहे ती राखा

महोदय,

तेलंगणाप्रमाणे सह्याद्रीतही पिसोरी हरणाची पैदास करून ती रानात सोडावी, असं अनेकांना वाटतं. त्या प्रयोगात पैदास हा सोपा भाग होता. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये मोजक्या जनावरांपासून सुरुवात झाली. पिसोरी साधारण पाच महिन्यांनी विते आणि लगेच पुन्हा माजावर येते, त्यामुळे संख्या वाढत गेली. खरी कसोटी पुढे होती. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिसोरीला झाडाची ढोली हुडकणं ठाऊक नसतं, आणि बिबट्या-अजगरही ठाऊक नसतो. म्हणून २०१७ मध्ये अमराबाद व्याघ्र प्रकल्पात नेलेली पहिली तुकडी आधी रानातल्याच कुंपणात ठेवावी लागली.

आपल्याकडे, कोयना-चांदोलीत आणि कोकणात, पिसोरी (कोकणातला गेळा) अजून तग धरून आहे. आहे ती मरू द्यायची आणि नवी आणायची, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

दोन ते चार किलोंचं, जेमतेम वीत-सव्वा वीत उंचीचं हे जनावर. त्याचं सगळं जगणं जमिनीलगत. जांभूळ, उंबर अशी खाली पडलेली फळं खायची आणि दिवसा ढोलीत किंवा कपारीत दडायचं. वणव्यात पाचोळा, पडलेली पोकळ खोडं आणि झुडपांचा आडोसा एकदम जातो. मोठी झाडं हिरवी राहतात म्हणून लांबून रान शाबूत वाटतं, पण पिसोरीसाठी ते संपलेलं असतं. तेव्हा जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) फेब्रुवारीआधी काढाव्यात आणि पडलेली खोडं जळणासाठी उचलू देऊ नयेत. सशासाठी बुटके लावलेले तारेचे फासे पिसोरीलाही अडकवतात. त्यासाठी शेत आणि रान यांच्या सीमेवरच्या पायवाटा पावसाळा सरताच वाकून तपासाव्या लागतात, गाडीतून गस्त घालून फासा दिसत नाही. वस्तीतली मोकाट कुत्री हा तिसरा शत्रू.

गणनाही वेगळी हवी. वाघासाठी गुडघ्याच्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्यातून पिसोरी निसटू शकते. फळं गळणाऱ्या झाडांखाली, वीतभर उंचीवर वेगळे कॅमेरे लावावेत.

गावकऱ्यांना एक कळकळीची विनंती. अंगावरचे पांढरे ठिपके पाहून पिसोरीला चितळाचं पाडस समजू नका. तिचे ठिपके जन्मभर राहतात, आणि नरालाही शिंगं नसतात, फक्त वरचे सुळे लांब असतात. विहिरीत पडलेली किंवा वस्तीत शिरलेली दिसली तर गर्दी आणि पाठलाग टाळा, धसक्यानंच ती दगावते. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. तोवर हवेची भोकं असलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा, आणि दूध पाजू नका.

— पाटण तालुक्यातील काही वाचक